‘ट्रिगरचं एक कार्य’: बंप स्टॉकवरची बंदी कशी आली आणि कशी गेली

२ ऑक्टोबर २०१७ ला रात्री दोनच्या सुमारास आईचा साताऱ्याहून फोन आला. तिकडे गांधी जयंतीची सुट्टी, दुपारचे साडेबारा, घरातले सगळे टीव्हीसमोर आणि टीव्हीवर लास व्हेगास. "तू तिकडे जवळपास कुठे नाहीस ना रे?" मी टेक्सासमध्ये, व्हेगास इथून दीड-दोन हजार किलोमीटर, पण आईला अमेरिका म्हणजे सगळी एकच. तिला शांत केलं, मग टीव्ही लावला तो सकाळपर्यंत बंद झाला नाही. लोकांनी मोबाईलवर काढलेले व्हिडिओ परत परत दाखवत होते, स्टेजवर गाणं चालू आहे, आणि मग तो आवाज, दिवाळीत कुणी लांब माळ लावावी तसा, थांबतो, दहा-पंधरा सेकंद शांतता, परत सुरू. खूप लोकांना पहिल्यांदा फटाकेच वाटले होते. मला वाटलं मशिनगन आहे. टीव्हीवरच्या बऱ्याच जाणकारांनाही तेच वाटलं.

ती मशिनगन नव्हती. मँडले बे हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून एका माणसाने रस्त्यापलीकडच्या मैदानात जमलेल्या सुमारे २२,००० लोकांवर साधारण दहा मिनिटांत हजाराच्या वर गोळ्या झाडल्या. ५८ माणसं तेव्हा गेली, जखमांमुळे पुढे आणखी दोन, म्हणजे आज आकडा ६० धरतात, शेकडो लोकांना गोळ्या लागल्या आणि पळापळीत जखमी झालेले वेगळे. त्याच्या खोलीत ज्या एआर-१५ जातीच्या रायफली सापडल्या त्या दुकानात रीतसर मिळणाऱ्या, एका वेळी एक गोळी मारणाऱ्या, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक. त्यातल्या बऱ्याच रायफलींना मागे एक प्लास्टिकचा सुटा भाग लावलेला होता, त्याला बंप स्टॉक म्हणतात. तोही दुकानात आणि ऑनलाइन दोनशे ते चारशे डॉलरच्या आसपास मिळायचा, त्याला ना लायसन्स लागायचं ना नोंदणी.

हे प्रकरण त्या प्लास्टिकच्या तुकड्याचं. मी वकील नाही, मेकॅनिकल इंजिनिअर आहे, पण इतकी वर्षं हे वाचत आलोय, कारण यात यंत्र आणि कायदा एकमेकांत असे अडकलेत की एक कळल्याशिवाय दुसरं कळत नाही.

तो तुकडा करतो काय

आधी साधी सेमी-ऑटो रायफल घ्या. ट्रिगर ओढला की आतला हॅमर सुटतो, गोळी उडते, त्याच स्फोटाच्या जोरावर रिकामं काडतूस बाहेर पडून नवीन आत येतं. पण हॅमर लगेच परत सुटत नाही, आत डिसकनेक्टर नावाचा एक छोटा आकडा असतो तो हॅमरला अडकवून ठेवतो, आणि बोट सैल करून ट्रिगर पुढे आल्याशिवाय पुढची गोळी सुटतच नाही. टिक-टिक पेनासारखं, दाबून धरलं तर एकच टिक, परत टिक हवं असेल तर बोट उचलावंच लागतं. मशिनगनमध्ये हे बंधन नसतं, ट्रिगर दाबून धरलाय तोवर गोळ्या चालू.

आता बंप स्टॉक. रायफलचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो भाग, तो काढून त्याजागी हा बसवायचा. याच्यात रायफल घट्ट बसत नाही, पुढे-मागे सरकते, टेबलाच्या सैल खणासारखी. बोट ठेवायला बाजूला एक टेकण असतं, बोट तिथेच राहतं, हलत नाही. गोळी सुटली की धक्क्याने रायफल मागे सरकते, ट्रिगर बोटापासून सुटतो आणि आतमध्ये रीसेट होतो. दुसऱ्या हाताने रायफल पुढे रेटत राहिलं की ती परत पुढे येते आणि ट्रिगर त्या स्थिर बोटावर आपटतो. परत गोळी, परत धक्का. म्हणजे बोट ट्रिगरवर जात नाहीये, ट्रिगर बोटावर येतोय. इतकाच फरक, आणि या फरकावर पुढे साडेपाच वर्षं कोर्टकज्जा चालला. वेग किती, तर मिनिटाला ४०० ते ८०० गोळ्या. सैन्याची एम-१६ रायफल ७०० ते ९५० मारते.

माझ्या ऑफिसमधल्या एकाकडे हा होता. पन्नाशीचा माणूस, जन्म टेक्सासचाच, शांत, शिकारीला जाणारा. २०१३-१४ च्या सुमाराला त्याने गॅरेजमध्ये मला दाखवला होता, रिकाम्या रायफलीवर, सरकवून. मी हातात घेतला तर वजन जवळजवळ नाहीच, काळं प्लास्टिक, आतून गुळगुळीत, पाण्याच्या पाइपच्या जोडासारखं वाटलं. मी त्याला विचारलं हे कायदेशीर आहे का, तर त्याने एक छापील कागद दाखवला. केंद्र सरकारच्या खात्याचं पत्र. बंप स्टॉक विकत घेणाऱ्यांपैकी कित्येक जण हा कागद बरोबरच ठेवायचे म्हणे, रेंजवर कुणी विचारलं तर दाखवायला. या कागदाकडे मी परत येतो.

१९३४ चं एक वाक्य

अमेरिकेत मशिनगनवर पहिला केंद्रीय कायदा झाला १९३४ साली, नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांचा धसका होता. सरळ बंदी न घालता मशिनगन, सायलेन्सर, आखूड केलेल्या शॉटगन वगैरेंवर नोंदणी आणि २०० डॉलरचा कर लावला, त्या काळात २०० डॉलर म्हणजे भलतीच रक्कम. म्हणजे बंदुकीच्या ॲक्सेसरीवर नियंत्रण ही काही आजची गोष्ट नाही, सायलेन्सर पहिल्या दिवसापासून या कायद्यात आहे. १९६८ च्या कायद्याने साध्या बंदुकीची मशिनगन करण्यासाठी बनवलेले सुटे भागही ‘मशिनगन’ याच शब्दात घातले, नुसता तो भाग बाळगला तरी मशिनगन बाळगल्यासारखं. आणि मे १९८६ पासून सामान्य माणसाला नवीन मशिनगन घ्यायला पूर्ण बंदी, आधी नोंदलेल्या तेवढ्या राहिल्या. मोडलं तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग.

या सगळ्याचा पाया एका व्याख्येवर आहे. मशिनगन म्हणजे असं शस्त्र जे पुन्हा हाताने गोळी न भरता, आपोआप, ट्रिगरच्या एकाच कार्याने एकाहून जास्त गोळ्या झाडतं. ‘आपोआप’ आणि ‘ट्रिगरचं एकच कार्य’, हे दोन शब्दप्रयोग लक्षात ठेवा. १९३४ ला हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टॉमी गन होती, त्या काळातल्या टोळ्यांची मशिनगन. त्यांच्या दृष्टीने व्याख्या चोख होती.

कागद, आणि बदलणारी मतं

आता तो कागद. दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं बघणारं एक केंद्रीय खातं आहे, त्याला एटीएफ म्हणतात. कुणी बंदुकीचा नवीन भाग बनवला की तो त्यांच्याकडे पाठवून विचारता येतं, बाबा हा कायद्यात बसतो का? २००० नंतर फ्लोरिडातल्या एका माणसाने ॲकिन्स ॲक्सेलरेटर नावाचा दस्ता बनवला, त्यात आत स्प्रिंग होती, रायफल धक्क्याने मागे गेली की स्प्रिंग तिला परत पुढे ढकलायची. एटीएफने आधी लेखी कळवलं की ही मशिनगन नाही. त्याने माल बनवला, विकायला सुरुवात केली. मग २००६ मध्ये त्याच खात्याने मत फिरवलं, ही मशिनगनच आहे, स्प्रिंग काढून जमा करा. तो माणूस कोर्टात गेला आणि २००९ मध्ये हरला.

यातून बाकीच्यांनी धडा घेतला तो असा, की स्प्रिंग नको. टेक्सासमधल्या मोरान नावाच्या चिमुकल्या गावातल्या स्लाइड फायर कंपनीने बिनस्प्रिंगचा दस्ता केला, रायफल पुढे ढकलायचं काम माणसाच्या दुसऱ्या हाताचं. जून २०१० मध्ये एटीएफने त्यांना पत्र दिलं की यात आपोआप चालणारा यांत्रिक भाग किंवा स्प्रिंग नाही, म्हणून हा बंदुकीचा एक भाग आहे, यावर आमचं नियंत्रण नाही. हाताच्या हालचालीला मर्यादा असलेल्या लोकांसाठी हे आहे, असा कंपनीचा दावाही त्या पत्रात नोंदलाय. माझ्या सहकाऱ्याने दाखवलेला कागद तोच. त्यानंतर २०१७ पर्यंत बिनस्प्रिंगच्या अशा इतर उपकरणांनाही अशीच पत्रं मिळत गेली, बराक ओबामांच्या काळातही.

हे मी इतकं सविस्तर लिहितोय कारण पुढच्या वादात अनेक लोक एकच बाजू सांगतात. एका बाजूने ऐकलं तर वाटतं बंदूकवाल्यांनी पळवाट काढली. पळवाट होतीच, पण तिच्यावर सरकारचा शिक्का होता, आणि ज्याने शिक्का बघून माल घेतला त्याला चोर म्हणता येत नाही. खात्याचा दोष असलाच तर असा की त्यांनी स्प्रिंग आहे की नाही एवढंच बघितलं, हा तुकडा लावल्यावर गर्दीवर किती वेगाने गोळ्या जातील हे विचारायची मुभा त्यांना १९३४ च्या वाक्याने दिलीच नव्हती.

तवा तापलेला होता तेव्हा

व्हेगासनंतरचे पहिले दहा दिवस मला आजही आठवतात. अमेरिकेत बंदुकीच्या प्रश्नावर दोन्ही पक्ष एका ओळीत येताना मी तरी तेव्हाच पाहिले. सिनेटर डायन फाइनस्टाइन यांनी चार ऑक्टोबरलाच बिल मांडलं. खालच्या सभागृहात रिपब्लिकन कार्लोस कर्बेलो आणि डेमोक्रॅट सेथ मोल्टन या दोघांनी मिळून आणलं. आणि पाच ऑक्टोबरला नॅशनल रायफल असोसिएशनने, जी बंदूकवाल्यांची संघटना एरवी एक खिळाही हलू देत नाही तिने, जाहीर सांगितलं की सेमी-ऑटो रायफल पूर्ण ऑटोमॅटिकसारखी चालवणाऱ्या उपकरणांवर जास्त नियंत्रण असायला हवं.

पण त्या पत्रकात नीट बघा, त्यांनी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, कायदा करा असं नाही म्हटलं, एटीएफने फेरविचार करावा असं म्हटलं. तेव्हाचे स्पीकर पॉल रायन यांनीही तेच उचललं, खात्याकडून नियम बदलून घेणं हाच सगळ्यात झटपट मार्ग आहे. झटपट तर होताच. कायदा म्हणजे प्रत्येक खासदाराला मत द्यावं लागतं, आणि ते मत पुढच्या निवडणुकीत मतदारसंघात त्याच्यामागे येतं. खात्याचा नियम म्हणजे कुणाच्याच नावावर काही नाही. फाइनस्टाइन बाईंनी तेव्हाच आणि पुढेही वारंवार सांगितलं की एटीएफला हा अधिकारच नाही, नियम केला तर कोर्टात अडकेल, कायद्याशिवाय इलाज नाही. बंदुकांच्या विरोधात आयुष्य घालवलेल्या बाई हे सांगत होत्या, ऐकायला हवं होतं. गंमत म्हणून नाही सांगत, पुढे सुप्रीम कोर्टात हेच त्यांचं म्हणणं बंदी उठवणाऱ्या बाजूच्या कामाला आलं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले, तिथे बंप स्टॉक नव्हता, पण दबाव वाढला आणि सहा दिवसांनी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी न्याय खात्याला नियम करायचा आदेश दिला. जनतेकडून लाखाहून जास्त प्रतिक्रिया आल्या. २६ डिसेंबर २०१८ ला नियम राजपत्रात आला. त्यात बंप स्टॉक हा नवीन गुन्हा म्हणून नव्हताच, जुन्याच व्याख्येचा नवा अर्थ होता: ‘ट्रिगरचं एकच कार्य’ म्हणजे ट्रिगर एकदा ओढणं, आणि ‘आपोआप’ म्हणजे स्वतःहून चालू राहणारी यंत्रणा, सबब बंप स्टॉक लावलेली रायफल ही मशिनगन. नव्वद दिवसांत नष्ट करा नाहीतर जमा करा, नाहीतर दहा वर्षांपर्यंतचा तुरुंग. भरपाई शून्य. लोकांकडे किती असतील याचा खात्याचाच अंदाज २,८०,००० ते ५,२०,००० असा होता.

काँग्रेसने दुधाची तहान ताकावर भागवली, आणि ते ताकही दुसऱ्याच्या घरचं.

मार्च २०१९, एक गॅरेज

शेवटची तारीख २६ मार्च. त्याच्या आधीच्या शनिवारी मी त्या सहकाऱ्याकडे दुसऱ्याच कामाला गेलो होतो, गवत कापायचं मशीन मागायला. तो गॅरेजमध्ये बसला होता, वर्कबेंचच्या वाइसमध्ये तो काळा दस्ता धरलेला, शेजारी एटीएफच्या साइटवरून काढलेली प्रिंट, कुठे कुठे कापायचं त्याच्या रेषा दाखवलेली. खात्याने खरंच मॉडेलनिहाय चित्रं दिली होती, कारण नुसता मधून तोडला तर परत जोडता आला असता, तसं कापलेलं चालत नव्हतं. तो लोखंड कापायच्या करवतीने कापत होता. प्लास्टिकचा भुसा, जळका वास, एक तुकडा खाली पडला तो त्याने उचलून बाकीच्या तुकड्यांबरोबर पिशवीत टाकला. भिंतीवरच्या फळीला त्याने ते २०१० चं पत्र पिनने लावून ठेवलं होतं.

त्याने सरकारला शिव्या दिल्या नाहीत. व्हेगासचे व्हिडिओ त्यानेही बघितले होते, ते बघितल्यावर परत ही वस्तू लावली नाही म्हणाला. त्याला लागलं होतं ते वेगळं. तो म्हणाला, कायदा बदलला असता तर मी त्याच दिवशी देऊन टाकला असता, पण कायदा तोच, शब्द तोच, फक्त काल ज्याने हो म्हटलं तो आज नाही म्हणतो आणि मला गुन्हेगार म्हणतो, हे कसं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तरीही म्हणालो की गेलेल्या माणसांच्या मानाने हे काहीच नाही, त्याने मान हलवली. दोघांचंही खरं होतं, आणि हा सगळा वाद मला तेव्हापासून असाच दिसत आलाय.

त्याच आठवड्यात फोर्ट वर्थमध्ये एका विक्रेत्याने आपला सगळा साठा, तब्बल ६०,००० बंप स्टॉक, एटीएफच्या माणसांसमोर श्रेडरमध्ये घातला. स्लाइड फायरने तर २०१८ मध्येच दुकान गुंडाळलं होतं. आणि ऑस्टिनमधल्या मायकल कारगिल नावाच्या बंदूक दुकानदाराने, माजी सैनिक, आपले दोन बंप स्टॉक एटीएफकडे जमा केले आणि लगेच दावा लावला. दावा बंदूक बाळगायच्या घटनात्मक हक्काचा नव्हता, हे फार लोकांना माहीत नाही. सेकंड अमेंडमेंटचा यात संबंधच नाही. त्याचा मुद्दा एवढाच, की कायदा करायचं काम काँग्रेसचं, खात्याचं नाही.

कोर्टांची फुगडी

सुरुवातीला सरकार जिंकत गेलं. वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने २०१९ मध्ये नियम वैध धरला, डेन्व्हरच्या कोर्टाने २०२० मध्ये, कारगिल स्वतः टेक्सासच्या खालच्या कोर्टात आणि मग अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांपुढेही हरला. सिनसिनाटीच्या कोर्टात सगळे न्यायाधीश बसले तर बरोबर निम्मे-निम्मे झाले. आणि जानेवारी २०२३ मध्ये कारगिलच्याच केसमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या पूर्ण पीठाने १३ विरुद्ध ३ असा निकाल त्याच्या बाजूने दिला. त्यातल्या काहींचं म्हणणं, व्याख्या स्पष्ट आहे आणि बंप स्टॉक तिच्यात बसत नाही. काहींचं म्हणणं, स्पष्ट नाही, पण जिथे तुरुंगाची गोष्ट आहे तिथे संशयाचा फायदा माणसाला मिळतो. अशी देशभर वेगवेगळी उत्तरं झाल्यावर सुप्रीम कोर्टाला घेणं भाग होतं.

२८ फेब्रुवारी २०२४ ला सुनावणी झाली, मी ऑडिओ ऐकला. नामांकित न्यायाधीश दीड तास ट्रिगर, बोट, रेटा, धक्का यावर बोलतायत, इंजिनिअरिंगच्या व्हायवासारखं. १४ जून २०२४ ला निकाल आला, ६ विरुद्ध ३, नियम रद्द.

न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी बहुमताचा निकाल लिहिला आणि त्यात चक्क ट्रिगरच्या आतल्या भागांच्या आकृत्या दिल्या, सहा आकृत्या, हॅमर कुठे, डिसकनेक्टर कुठे. त्यांचं म्हणणं मी वर सांगितलं तसंच: प्रत्येक गोळीला ट्रिगर सुटतो, रीसेट होतो, परत दाबला जातो. मग प्रत्येक गोळीमागे ट्रिगरचं स्वतंत्र कार्य झालं. बंप स्टॉक फक्त दोन कार्यांमधलं अंतर कमी करतो. आणि ‘आपोआप’ही नाही, कारण दुसऱ्या हाताने सतत पुढे रेटावं लागतं, रेटा सोडला की थांबतं.

न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी मत लिहिलं, एलेना केगन आणि केटांजी ब्राउन जॅक्सन त्यांच्यासोबत. ते मत त्यांनी कोर्टात वाचून दाखवलं, हे क्वचितच करतात. त्यांचं म्हणणं, ट्रिगर आतून काय करतो हे बघू नका, माणूस काय करतो ते बघा. माणूस एकदा ओढतो, बोट तिथेच ठेवतो, पुढे रेटतो, आणि गोळ्या सुरू राहतात. मशिनगनवालाही बोट मागे दाबून धरतोच की, मग इथे पुढे रेटलं म्हणून वेगळं कसं? बदकासारखं चालतं, पोहतं, ओरडतं, तर मी त्याला बदकच म्हणणार, असं त्यांनी लिहिलं.

आता माझं मत. १९३४ च्या वाक्यात ‘कार्य’ हे ट्रिगरचं आहे, माणसाचं नाही, वाक्याचा कर्ता बदलून वाचता येत नाही. यंत्र म्हणून बघितलं तर थॉमस बरोबर आहेत, डिसकनेक्टर प्रत्येक वेळी त्याचं काम करतोच. पण कायदा कशासाठी केला होता हे विचारलं तर सोटोमायोर बरोबर आहेत, एका माणसाने क्षणात गर्दी मारू नये यासाठी केला होता. ‘आपोआप’ या शब्दावर तर मला बहुमताचं पटतच नाही. सायकलला पेडल मारावं लागतं तसा हा रेटा नाहीये, हात नुसता ताणून धरायचा आहे, लय बंदुकीच्या धक्क्याची आहे. तिथे वाद खरा होता. पण पहिला मुद्दा सरकार हरलं की दुसऱ्याने काही होत नव्हतं, दोन्ही जुळावे लागतात.

न्यायमूर्ती सॅम्युएल ॲलिटो यांनी बहुमताला साथ देत एक छोटं वेगळं मत लिहिलं, त्याचा आशय असा की १९३४ च्या काँग्रेसला या दोन्हींत काही फरक दिसला नसता, व्हेगासने दाखवून दिलं की परिणाम तितकाच भयंकर आहे, उपाय सोपा आहे, काँग्रेसने कायदा बदलावा. म्हणजे ज्या बाजूने नियम मारला तीच बाजू सांगतेय कायदा करा. फाइनस्टाइन सप्टेंबर २०२३ मध्येच गेल्या होत्या, हे ऐकायला त्या नव्हत्या.

आपल्याकडे कसं लिहिलंय

हा सगळा किस्सा पुण्यातल्या एका वकील मित्राला सांगितला तर त्याने आपला १९५९ चा आर्म्स ॲक्ट उघडून वाचून दाखवला, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटलं. आपल्याकडे ‘फायरआर्म’च्या व्याख्येतच आवाज किंवा ज्वाला कमी करणारी ॲक्सेसरी घातलेली आहे, सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही. म्हणजे नुसता सायलेन्सर सापडला तरी कायद्याच्या भाषेत बंदूकच. आणि प्रतिबंधित शस्त्र म्हणजे काय, तर ट्रिगरवर दाब दिला की दाब काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात असं बनवलेलं किंवा तसं बदललेलं शस्त्र. अमेरिकेत ‘कार्य’, इकडे ‘दाब’.

बंप स्टॉक यात बसेल का? आम्ही अर्धा तास भांडलो. मी म्हटलं बोट ट्रिगरवरून सुटतं म्हणजे दाब दर वेळी निघतो, चांगला वकील इथेही तेच भांडेल. तो म्हणाला भांडू दे, पुढचं वाक्य वाच. त्याच व्याख्येत पुढे आहे की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून इतर शस्त्रंही प्रतिबंधित ठरवू शकतं. इथे संसदेने खात्याला तो अधिकार स्पष्ट शब्दांत दिलाय. अमेरिकेत एटीएफकडे नेमकं हेच नव्हतं, त्यांना जुना शब्द ताणण्याशिवाय पर्याय नव्हता, आणि ताणलेला शब्द साडेपाच वर्षांनी तुटला. इतका अधिकार सरकारकडे असावा का हा वेगळा वाद, आणि टेक्सासमध्ये मी तो मांडला तर माझा तो सहकारी माझ्याशी जन्मभर भांडेल. पण नवीन यंत्र आल्यावर कोण ठरवणार हे कायद्यात आधीच लिहिलेलं असलं तर निदान कोर्टात बदक की नाही यावर वेळ जात नाही.

नंतर

निकालाच्या चौथ्या दिवशी, १८ जून २०२४ ला, सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सनी बंदीचं बिल एकमताने मंजूर करून घ्यायचा प्रयत्न केला. एकाने जरी हरकत घेतली तरी अडतं, नेब्रास्काचे रिपब्लिकन सिनेटर पीट रिकेट्स यांनी घेतली. अडलं. २०१७ मध्ये ज्या गोष्टीवर जास्त नियंत्रण हवं असं रायफल असोसिएशनसुद्धा म्हणत होती तिच्यावरचं बिल २०२४ मध्ये मतदानापर्यंतही गेलं नाही. मला या प्रकरणातलं सगळ्यात जास्त हेच लागतं. राग तेव्हा होता, मतं तेव्हा होती, आणि नियम आला म्हणून सगळे घरी गेले.

निकालाचे पडसाद इतर भागांवरही उमटले. फोर्स्ड रीसेट ट्रिगर म्हणून एक प्रकार आहे, तो गोळी सुटल्यावर ट्रिगरला स्वतःच जोराने पुढे ढकलतो म्हणजे बोट सैल करायची वाट बघावी लागत नाही. एटीएफ त्यालाही मशिनगन म्हणत होतं, न्यूयॉर्कच्या एका कोर्टाने ते मान्यही केलं होतं, पण बंप स्टॉकच्या निकालानंतर टेक्सासच्या कोर्टाने उलट ठरवलं आणि मे २०२५ मध्ये सरकारने उत्पादकाशी तडजोड करून टाकली. याउलट ग्लॉक पिस्तुलाच्या मागे लागणारा नाण्याएवढा स्विच. तो लावला की एकदा दाबून धरलं तर मॅगझिन रिकामं होईपर्यंत थांबत नाही, म्हणून तो १९३४ च्या वाक्यात सरळ बसतो, कुणाचा वाद नाही, आणि तरी तोच सगळ्यात जास्त पसरलाय, आता थ्रीडी प्रिंटरवरही निघतो. २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत पोलिसांनी पकडून एटीएफकडे आलेले असे मशिनगन करणारे भाग ५,४५४ होते, त्याच्या आधीच्या पाच वर्षांत ८१४. बंदी कागदावर पक्की असली तरी पकडायचं काम उरतंच.

बंप स्टॉकचं म्हणाल तर आता राज्यावर आहे. कॅलिफोर्नियात आधीपासूनच बंदी होती, मॅसॅच्युसेट्सने व्हेगासनंतर महिन्याभरात केली, फ्लोरिडाने पार्कलंडनंतर, अशी सगळी मिळून पंधरा-एक राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी. सुप्रीम कोर्टाच्या निकालाने त्यांचे कायदे जात नाहीत, कारण ते विधिमंडळाने केलेत आणि त्यांच्या व्याख्या त्यांनी स्वतः लिहिल्यात. टेक्सासमध्ये बंदी नाही, माझा सहकारी उद्या परत घेऊ शकतो. त्याने घेतलेला नाही. फळीवरचं पत्र मात्र अजून तिथेच आहे.

आणि नेवाडा, जिथे हे घडलं. तिथे जून २०१९ मध्ये बंदीचा राज्य कायदा झाला, जानेवारी २०२० पासून लागू. तो आणणाऱ्या आमदार सँड्रा होरेगी त्या रात्री स्वतः त्या मैदानात होत्या. केंद्राचा नियम तेव्हा लागू झालेला होता, आता राज्याने वेगळं कशाला असं विचारता आलं असतं. त्यांनी तरी आणला, दोन्ही सभागृहांत मतं मोजून पास केला, आणि १४ जून २०२४ च्या सकाळी वॉशिंग्टनमध्ये केंद्राचा नियम पडला तेव्हा लास व्हेगासमध्ये बंप स्टॉक बेकायदाच राहिला.